सुंदर अक्षरातल्या शिव्या

भावाच्या कपाळावर अकरा टाके होते आणि समोर पत्र पडलं होतं. "हितं चक्क लिवलंय, हात तोडीन म्हणून," तो म्हणाला. "ह्यो कागद चौकीत देतो. जातोय म्हातारा आत." माझी नजर मात्र त्या 'तोडीन'वरून हलेना. इतकं देखणं अक्षर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

लिहिणारा आमचा भाडेकरू, पेंटर. उरवडे गावात आमच्या घरामागच्या खोलीत सोळा वर्षं राहिला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि काम गेलं, तेव्हा आमच्या गोठ्याची भिंत रंगवत बसला. आम्ही विकलेली एकेक म्हैस त्यानं त्या भिंतीवर परत आणून बांधली. मी शाळेत चित्रकला शिकवतो. दरवर्षी पोरांना ती भिंत दाखवायचो आणि तिच्यावर तासभर बोलायचो.

गावाजवळच्या कंपनीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढायच्या म्हणून भावानं भिंतीला जेसीबी लावला. मी पडवीत उभा होतो. पेंटर आडवा आला, भावानं त्याला ढकलून पाडलं. त्यानं पडल्या पडल्या हाताला लागलेली वीट उचलली आणि भावाच्या कपाळात घातली. त्याच दुपारी बोचकं उचलून गेला. आठवड्यानं हे पत्र आलं.

काळ्या ऑइलपेंटनं, ब्रशनं लिहिलेलं. पाटी रंगवताना पेंटर आधी खडू लावलेल्या दोरीनं रेघ मारायचा. इथं रेघ नव्हती, तरी एकही ओळ ढळली नव्हती. शिव्या आमच्या आईपासून सात पिढ्यांपर्यंत होत्या आणि खाडाखोड एकही नाही. वेलांट्या कोयत्यासारख्या ओढलेल्या. 'तोडीन' लिहिताना ब्रश इतका दाबला होता की त्याचे दोन केस तुटून रंगात चिकटले होते. राग असाही रंगवता येतो, हे मी पोरांना कधी शिकवलं नव्हतं.

चौकीत फायलीला लावायला त्या कागदाला भोकं पाडली असती, वर शिक्का मारला असता. आणि सत्तरीचा माणूस कोठडीत गेला असता. मी पत्र उचलून शर्टाच्या आत घातलं.

"दे हिकडं."

"न्हाई देत."

त्यानं सणसणीत कानाखाली वाजवली. मी त्याच्या दंडाला चावलो. आम्ही पडवीतून अंगणात गडगडत गेलो. आयुष्यात कुणावर हात न उगारलेल्या मी त्याच्या टाक्यांवर अंगठा रोवला आणि दाबला. दोन टाके उसवले, तो गुरासारखा ओरडला. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

पण ताकद त्याची जास्त. छातीवर गुडघा ठेवून त्यानं पत्र ओढून काढलं. डोळ्यांत उतरणारं रक्त मनगटानं पुसत पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत वाचलं, शेवटच्या ओळी मोठ्यानं.

"मास्तर, तुझा भाऊ आडानी हाय. त्याला नुसती भिंत दिसत हुती. तुला चित्र दिसत हुतं, आन् तू हुबा ऱ्हायलास. डोळं वापरायचं नसतील तर सांग, येऊन काढून नेतो."

भावाचा गुडघा सैल झाला. त्यानं कागद माझ्या छातीवर टाकला. "ह्यो तुला लिवलाय," म्हणाला. "जायचं तर तूच जा चौकीत."

त्या ओळी मी आधीच वाचल्या होत्या. सगळ्या पत्रात तेवढ्याच त्यानं न दाबता, सावकाश लिहिल्या होत्या, आणि अक्षर तिथंच सगळ्यात सुंदर होतं.