टाकीशेजारची पाटी

प्रशील तायडेला पाटीवर नाव हवं होतं. खाली, बारीक अक्षरात असतं तरी चाललं असतं.

जळगावच्या एका कॉलेजात तो एकोणीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होता. बोलताना सगळे शिपाईच म्हणत. पंधरा वर्षं रसायनशास्त्रात काढल्यावर त्याची बदली प्राणिशास्त्रात झाली. तिथल्या व्हरांड्यात चार फुटी काचेची टाकी होती. तळाला पांढरी संगमरवरी खडी, वर तीन गोल्डफिश. बारावी सायन्सला शिक्षण सुटलेल्या प्रशीलला त्या टाकीने धरून ठेवलं. असोद्याहून मोटरसायकलवर यायचा आणि डबा ठेवायच्या आधी मासे बघायचा.

समुद्राच्या टाकीचं खूळ मोबाईलने लावलं. दोन वर्षं तो व्हिडिओ बघून वहीत उतरवत होता. एक दिवस ती वही त्याने विभागप्रमुख भूपेंद्र सरांपुढे ठेवली. वर्षभरात कॉलेजला तपासणी समिती येणार होती. सरांना दाखवायला काहीतरी हवंच होतं.

"जमेल तुला?"

"जमेल सर. फक्त एक सांगा. या टाकीत आधी कधी तांब्याचं औषध टाकलंय का? माशांना ते थोडंफार चालतं. गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. टाकलं असेल तर ते खडीत मुरून राहतं आणि हळूहळू सुटतं, ही खडी फेकावी लागेल."

"काही टाकलेलं नाही. खडी चांगली आहे, तीच धुऊन घे."

गोल्डफिश वनस्पतिशास्त्राच्या हौदात गेले. प्रशीलने टाकी घासली, खडी अकरा वेळा धुतली. फिल्टरचं शुद्ध पाणी कॅनने वाहून आणलं. मुंबईहून आलेलं समुद्री मीठ त्यात मोजून विरघळवलं, खारटपणा मोजला, पुन्हा मोजला. समुद्रातले दगड रचले. मग सहा आठवडे टाकी तशीच ठेवली. दगडांतले जिवाणू वाढून पाणी जगण्याजोगं व्हायला तेवढे दिवस लागतात.

ऑफिसातला लोटन येता-जाता टाकीत डोकावायचा.

"प्रशीलभाऊ, मासे लाजतात का तुझे?"

"अजून आणलेच नाहीत."

"मग पहारा कशाचा देतोस? वरणाला मीठ कमी पडलं तर वाटीभर नेईन म्हणतो."

सातव्या आठवड्यात गोगलगायी आल्या. मग पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. शेवटी मऊ प्रवाळ, शेती करून वाढवलेले, कागदपत्रांसकट. पहिला दिवस ते मिटून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडले. हिरवे, जांभळे, पाण्याबरोबर हलणारे. प्रशील जेवायला गेला नाही.

एप्रिलात जळगाव तापलं. टाकीतलं पाणी रोज दोन बोटं उडायचं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून साधं शुद्ध पाणीच घालायचं. ते काम तो दुसऱ्यावर सोडत नसे. विभागाच्या फ्रिजमध्ये बाटल्या गोठवून पाण्यात सोडायचा. रविवारीही जायचा.

"घरच्या कूलरमध्ये पाणी भरा म्हटलं की तुमची कंबर धरते," त्याची बायको दीपमाला म्हणायची.

टाकीचा बोलबाला झाला. धुळ्याहून एका कॉलेजचे प्राध्यापक बघायला आले. सरांनी त्यांना प्रवाळ समजावून सांगितले, दोन ठिकाणी चुकीचं. प्रशील बाजूला उभा होता.

"प्रशील, चहाचं बघ."

पुढच्या आठवड्यात पाटी आली. प्रवाळ संवर्धन प्रकल्प. संकल्पना आणि मार्गदर्शन, सरांचं नाव. प्रशीलने ती दोनदा वाचली.

"सर, माझं नाव राहिलं."

"पाटीवर परिचराचं नाव कुठे बघितलंस तू? समिती हसेल." मग सर जरा मऊ झाले. "समिती जाऊ दे. नवी पाटी करू, तुझं नाव टाकू."

त्याने विश्वास ठेवला. घरी आईला सांगितलंही. द्रौपदाबाईंचा जन्म केळीच्या बागांत मजुरी करण्यात गेला होता. अक्षर ओळखत नव्हत्या.

"मले दाखवशीन ना पाटी?"

"तुले गाडीवर नेईन."

समिती यायला तीन आठवडे होते तेव्हा पहिली गोगलगाय उलटी पडलेली दिसली. मग रोज एक. प्रवाळ मिटले ते मिटलेच. प्रशीलने पाणी बदललं, फिल्टर धुतला, खारटपणा मोजला. सगळं वहीतल्यासारखं होतं. मग त्याने तळातली मूठभर खडी काढली आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेला. खडी आम्लात विरघळवली, वरून अमोनिया सोडला. या परीक्षणाच्या बाटल्या त्याने पंधरा वर्षं मुलांपुढे मांडल्या होत्या. नळीत गडद निळा रंग आला. तांबं.

नळी घेऊन तो सरांच्या खोलीत गेला.

"हां, मोरचूद," सर म्हणाले. "तू यायच्या आधीची गोष्ट. माशांवर पांढरे ठिपके आले होते. आमच्या पहूरच्या मळ्यात लिंबांना लावायचं मोरचूद पडलं होतं, त्यातलं टाकलं. मासे बरे झाले की."

"मी विचारलं होतं सर."

"विचारलं होतंस. मग आता व्हरांड्यात उभा राहून तुझी माफी मागू?"

"नाही सर. समितीला आहे ते सांगू. खडी बदलली तर तीन-चार महिन्यांत टाकी परत उभी करतो."

सरांनी कागदावरून मान वर केली नाही. "ती नळी धुऊन ठेव."

त्याने धुतली. एकोणीस वर्षांची सवय होती.

समिती आली त्या सकाळी पाटी भिंतीवर नव्हती. टाकीत दगडांवर करडी साय धरली होती आणि दोन नारिंगी मासे तेवढे फिरत होते. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, हे काय?

"आमच्या परिचराचा उद्योग," सर म्हणाले. "हौशी माणूस आहे. न विचारता काहीबाही टाकतो."

प्रशील दोन हातांवर होता. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुढे गेले.

चार दिवसांनी लोटन पत्र घेऊन आला. आज त्याने टाकीत डोकावलं नाही.

"पोचल्याची सही कर भाऊ."

श्री. प्रशील सुकदेव तायडे यांनी परवानगीशिवाय टाकीत रासायनिक द्रव्य टाकल्याने महाविद्यालयाची प्रतिमा मलिन झाली. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

घरी त्याने पत्र खाटेवर टाकलं आणि पाय धुवायला गेला. परत आला तेव्हा पत्र आईच्या हातात होतं. गोल शिक्क्यावरून तिचं बोट फिरत होतं.

"कॉलेजातून आलं का रे?"

"हो."

"तुह्यं नाव हाये यात?"

"हाये. तीन ठिकाणी."

दीपमाला काही बोलणार होती. त्याने मान हलवली. द्रौपदाबाईंनी पत्राची नीट घडी केली. लोखंडी पेटी उघडली. बारावीची गुणपत्रिका होती त्या प्लास्टिकच्या पिशवीत ते ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं.

खुलासा लिहायचा तर पत्र परत काढावं लागलं असतं. किल्ली मागितली असती तर आईने विचारलं असतं, कशाला.

सात दिवस झाले. प्रशीलने खुलासा दिला नाही.