दोनशे बारावी ओळ

इथले भुताखेतांचे किस्से वाचून कमेंटमध्ये दात काढणाऱ्यांपैकी मी. कॉम्प्युटरवर पोट भरतो, आणि तो सांगितलं तेवढंच करतो यावर माझा गाढ विश्वास... म्हणजे होता.

आमच्या अक्काचं बंगळूरच्या पीण्यात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या ड्रॉइंगच्या फायलींसाठी भावोजींनी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. काळ्या स्क्रीनवर एक कमांड दिली की जुन्या फायली दुसऱ्या डिस्कवर जायच्या आणि मूळ जागा मोकळी व्हायची. भावोजी गेल्या वर्षी गेले. तो प्रोग्रॅम त्यांच्या नावानं सगळ्यांसाठी बाहेर पडावा, एवढीच अक्काची इच्छा. त्यासाठी तो युनिक्स जातीच्या कुठल्याही सिस्टीमवर चालायला हवा — ते काम माझ्याकडे आलं. जे जे दुसरीकडे अडेल ते मी धडाधड छाटलं. एकशे ऐंशी ओळी उरल्या. अतिशहाणा तो असा!

एका सकाळी बेळ्ळंदूरहून ट्रॅफिकला शिव्या घालत पीण्याला पोचलो. वर्कशॉपातल्या मशीनवर कोरी सिस्टीम टाकली, माझी फाइल घेतली, भावोजींची खरी ड्रॉइंग्ज जोडली. बॅकअप? लोकांना व्याख्यानं देतो, पण त्या दिवशी घेतला नव्हता. एंटर दाबलं.

‘ओळ २१२ : चूक.’ प्रोग्रॅम थांबला.

अहो, फाइलच १८० ओळींची! पुन्हा चालवला — तेच. ओळी पुन्हा मोजल्या — एकशे ऐंशी. मला जागेवर बसवेना. दोनदा शटरपर्यंत जाऊन आलो.

“स्वल्प थांब रे,” म्हणत अक्कानं कपाटातून भावोजींच्या मूळ प्रोग्रॅमचे छापील कागद काढले. त्यातली दोनशे बारावी ओळ — कॉपी मुळाशी ताडून बघ, जुळली तरच मूळ पूस. सगळीकडे चालत नाही म्हणून ती मीच छाटली होती. मग दुसरी डिस्क तपासली... काठोकाठ भरलेली. प्रोग्रॅम पुढे गेला असता तर कॉपी अर्धवट राहून मूळ पुसलं गेलं असतं. भावोजींच्या हातचं एक ड्रॉइंग उरलं नसतं.

“त्यांचं असंच होतं,” अक्का म्हणाली. “ओरडायचे नाहीत. नुसता हात धरायचे.”

ती तपासणी सगळीकडे चालेल अशी लिहून प्रोग्रॅम त्यांच्या नावानं बाहेर काढला. माझी ती चुकीची फाइल मात्र अक्का पुसू देत नाही. मी गेलो की म्हणते, “एकदा चालव ना.” तेच मशीन, तीच भरलेली डिस्क, खोट्या फायली. दर वेळी प्रोग्रॅम कुठेही न अडता सगळं पुसून मोकळा होतो. तेव्हाच का अडला, मला आजही सांगता येत नाही.

अक्का खुर्ची ओढून स्क्रीनकडे बघत बसते. सगळं पुसून झालं की म्हणते, “सरी, ठीक आहे. पुन्हा आलास की बघू.”