दोन्ही वाचा की, साहेब!

तर्जनी तोंडात घालून ओली करायची, वर धरायची आणि म्हणायचं, "पश्चिमेचा हाय. आज ताप देनार." सोलापुरातला आमचा मंडपवाला असा वारा चाखायचा. माळशिरसला कुणाचं गुऱ्हाळ पेटलंय, हेही तो त्या बोटावरून सांगायचा. विश्वास बसत नाही? राहू द्या. मलाही उशिराच बसला.

आमच्या चर्चमधल्या लग्नांचे, कापणीच्या सणाचे मांडव त्याचेच. ज्याचं पोटच वाऱ्याच्या हातात, त्याला बायबलातही वाराच दिसणार! उपासना सुटली, की पाळकांना तो दारातच गाठायचा.

"सलाम, साहेब. येशूनं नावंतून दटावलं आन् वारा गप झाला. व्हय ना?"

"होय."

"आन् एलीया संदेष्टा डोंगरावर हुबा हुता, तवा खडक फोडनारं वादळ आलं. पर देव काय त्यात नव्हता. मग वारा कुनाचा? देवाचा का मोकाट? एकाच रविवारी दोन्ही वाचा की, साहेब!"

"लोक गोंधळतील रे."

"मग मी एकट्यानंच किती गोंधळायचं?"

हे इतकी वर्षं चाललं, की त्या पायरीला दोघांच्या चपलांचे खळगे पडले.

मग त्याच्या लेकीचं लग्न निघालं. भर मे महिन्यात, चर्चच्या मैदानात. सकाळी बोट वर करून यानं जाहीर केलं, "आज पानबी हलनार न्हाय!" खुशीत अर्धे दोर सैलच ठेवले. नवरा-नवरी उभी राहिली आणि वळवाचं वारं असं घुसलं, की मांडव बैलासारखा उधळला. पाळकांनी डोळे मिटून हात जोडले.

हा ओरडला, "साहेब, प्रार्थना करा, पर दोर धरून करा!"

पाळकांनी दोर धरला. शपथेवर सांगतो, झग्यासकट ते एवढे वर गेले, की त्यांना कुर्डुवाडीला लागलेली गाडी दिसली. तोवर यानं विळा घेऊन स्वतःचं कोरं कापड टराटरा फाडलं. वारा आरपार निघून गेला. लेक सुखरूप, मांडव उभा.

पाळक धापा टाकत म्हणाले, "पाहिलंस? प्रभूनं थांबवलं."

"थांबिवलं कुटं? जाऊ दिलं."

"आणि तुझं बोट काय म्हणत होतं रे सकाळी?"

तो लेकीकडं बघत राहिला. "लगीन हुतं की, साहेब. बोटाला कुटली अक्कल?"

पाळक पोट धरून हसले. म्हणाले, "पुढच्या रविवारी दोन्ही वाचतो. शब्द देतो."

तो पुढचा रविवार लांबतच गेला. कधी सण, कधी पाहुणे पाळक, मग याचं दुखणं.

गेल्या हिवाळ्यात त्याच मैदानात त्याच्या अंत्यविधीसाठी मांडव उभा राहिला. कापड तेच, टाके घातलेलं. पाळकांनी आधी नावेतला वारा वाचला, मग डोंगरावरचा. पुस्तक मिटून ते थांबले. सवयीनं चर्चच्या दाराकडं बघितलं. कुणीच काही विचारलं नाही.

तेवढ्यात टाक्यांमधून झुळूक शिरली. पाळकांनी डोळे मिटले, प्रार्थना सुरू केली आणि मोकळ्या हातानं शेजारचा दोर घट्ट धरला.