कोर्ट उठेपर्यंत

तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून फायली सरकवणारा कारकून मी. अठ्ठावीस वर्षं तेच केलं. वकील आत शिरायच्या आधी हळूच विचारायचे, "मूड कसाय आज?" मी भुवई चढवली की त्यांनी तारीख मागायची, मान डोलावली की खुशाल उभं राहायचं. त्या भुवईचा मला भारी माज होता. कायदा एकच, पण तो वाचणारा घरून काय ऐकून आलाय त्यावर शिक्षा ठरते, असं मी चहाच्या टपरीवर सांगत फिरायचो. मोठा शहाणा ना मी!

कुंभिवलीतला माझा शेजारी टेंपो चालवायचा. हायवेवर त्याने एका सायकलवाल्याला उडवलं, माणसाचा पाय मोडला. चूक त्याचीच होती, तो नाकारतही नव्हता. पण त्याची बायको दोन वर्षांपासून लुळी. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं तोच करायचा. घरात तिसरं माणूस नाही.

"दादा, मला आत टाकलं तर तिचं कसं व्हायचं?"

"काय घाबरतोस रं! आत्ताच्या जज मॅडम मवाळ हायत. गेल्याच आठवड्यात अशाच गुन्ह्यात दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. दिवसभर मागच्या बाकावर बसायचं, संध्याकाळी घरी. गुन्हा कबूल कर नि मोकळा हो, वकील कशाला? आणि बायकोचं रडगाणं गाऊ नको हां, मॅडमना नाटकं खपत नाहीत."

तारखेच्या दिवशी त्याची फाईल मीच दुसरी लावली, लवकर उरकावं म्हणून. पहिल्या खटल्यात एका आईची साक्ष होती. तिची मुलगी टेंपोखाली गेलेली. बाई रडली नाही. मुलीच्या चपला ओळखायला दिल्या, तेव्हा त्या तिने पदराने पुसल्या फक्त. मॅडमनी चष्मा काढला आणि त्या बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या.

तेव्हाच शेजाऱ्याची फाईल खाली सारायची होती मी! जेवणानंतर घेतली असती तर कोण विचारणार होतं? पण हात सवयीने पुढे गेला, आणि शिपायाने नाव पुकारलं.

त्याने गुन्हा कबूल केला. मॅडमनी विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. त्याने नुसते हात जोडले.

"तीन महिने साधी कैद." आवाज मॅडमचा नेहमीचा नव्हता.

मला तिथे बोलायचा अधिकार नव्हता, असं मी लोकांना सांगतो. थापा आहेत. सही व्हायला अजून दहा मिनिटं होती. चेंबरमध्ये जाऊन दोन शब्द बोलता आले असते. नोकरीपायी टरकली होती माझी. त्याची लाज अजून जात नाही.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. सकाळी त्याने खुर्चीत बसवलेली वहिनी तशीच होती, एका अंगाला कलंडलेली, साडी ओली झालेली. माझ्या मागे कोणी येतंय का, ते ती दारातून बघत होती.

"भावजी, कोर्ट उठलं नाय का अजून?"

"उठलं, वहिनी," म्हणालो आणि तिला उचलायला वाकलो. कुठे धरायचं, ते मला ठाऊक नव्हतं.