धामणीचा मोतीबिंदू

रायपूर राजधानी झालं तेव्हा आमच्या ऑफिसच्या नव्या कुंपणाचा पाया खोदताना धामणीचं पिल्लू निघालं. मजूर मारतील म्हणून मी ते डब्यात घालून घरी आणलं. धामण बिनविषारी असते, एवढंच माझं सर्पज्ञान. पण आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात तेवढ्यावर मी सापांचा जाणकार झालो.

तीन महिने ती काचेच्या पेटीत सुखानं बेडूक खात होती. मग एका सकाळी तिचे डोळे निळसर पांढरे दिसले. बेडकाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पोरगी आंधळी होत होती, तीही माझ्या घरी! मी दिवसातून तीनदा तिच्या डोळ्यांत गुलाबजल घालू लागलो. बायको दारातूनच म्हणाली, "चष्माही लावून द्या जी. पण त्याले कान कुठून आणसान?"

चौथ्या दिवशी डबा घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी झाकण उचललं आणि हसतच सुटले. "भैया, मोतियाबिंद नहीं है. केंचुली उतारने वाली है, घर जाओ." कात टाकण्याआधी सापाचे डोळे असेच पांढुरके होतात, हे जाणकाराला म्हशींच्या रांगेत उभं राहून कळलं.

आठवड्याभरात पेटीत अख्खी कात पडली, डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक चकत्यांसकट. धामण लख्ख डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. बायको पहिल्यांदाच पेटीजवळ आली. "हव, हिले दिसून राहिलं आता. पण तुमच्याकडे पाहून करन काय?"

दुपारी धामणीनं बेडूक गिळला. मीही दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.