अब्बा इंग्लिश हॉटेलात जेवायला गेले

अब्बा रत्नागिरीहून आमच्याकडे आखातात, रुवैसला आले त्याला आठवडा झाला होता. दिवसभर फ्लॅटमध्ये बसून ते कंटाळले होते. रुवैस तसं छोटंच. रिफायनरी, कॉलनी, एक मॉल, की पुढे समुद्र. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी सगळ्यांना इंग्लिश हॉटेलात घेऊन गेलो. प्लांटवरचे लोक तिथल्या फिश अँड चिप्सचं फार कौतुक करायचे, आणि अब्बांनी उभा जन्म होडीवर काढलेला, त्यातली पंचवीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून. मासा म्हटल्यावर ते खूश होतील असं मला वाटलं.

हातभर लांब मासा आला, पिठाच्या कुरकुरीत आवरणात. बाजूला बटाट्याचे जाड काप आणि वाटाण्याचा हिरवागार लगदा. अब्बांनी आवरण बोटांनी उकललं, वास घेतला आणि एक घास खाल्ला. तेवढ्यात मालकीणबाई आल्या. इंग्रज, साठीच्या पुढच्या, एप्रनला पीठ लागलेलं. स्वयंपाकही त्याच करायच्या. जेवण कसं आहे, असं त्यांनी विचारलं. मी व्हेरी गुड म्हणणार, तोच अब्बा म्हणाले, "पीठ झकास. पण मासा बर्फातून आलाय. दर्या दाराशी असताना लांबचा मासा कशाला?"

हे इंग्रजीत सांगायला मी घुटमळलो. आठ वर्षांच्या लेकीला कसली भीड? तिने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं. बायकोने मान खाली घातली.

बाई हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्याच. म्हणाल्या, खरं आहे, मासा माझ्या देशातूनच येतो, गिऱ्हाइकांना तोच लागतो. मग हे कोण, काय करायचे, असं विचारू लागल्या. मी सांगितल्यावर त्यांनी भिंतीवरचा एक जुना फोटो काढून आणला. त्यांच्या वडिलांची मच्छीमार बोट. लहानपणी त्या वडिलांबरोबर धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करायच्या.

अब्बांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. माणसं किती, वारा कुठला, जाळं कुठून सोडायचे, प्रश्नांवर प्रश्न. लेक भाषांतर करून दमली, तेव्हा दोघं हातवाऱ्यांवर आले. शेवटी अब्बांनी सुतळी मागवली, फास टाकून जाळ्याची एक गाठ मारली. बाईंनी त्यांच्या हातातून सुतळी घेतली आणि न विचारता पुढची गाठ मारली. अगदी तीच. अब्बांनी ती ओढून पाहिली.

"बघ," मला म्हणाले, "हिच्या बापानेही हीच शिकवली."

मला ती गाठ येत नाही. मी दर्यावर जाऊ नये म्हणून अब्बांनी मुद्दामच शिकवली नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचं थोडं वाईट वाटलं. लेक मात्र दोघांच्या मध्ये जाऊन बसली आणि शिकूनच उठली.

पुढच्या शनिवारी सकाळी मी अब्बांना आणि बाईंना मासळीच्या धक्क्यावर नेलं. अब्बांनी कल्ले उचलून पाहत इकडे मिळणाऱ्या शेरी जातीच्या चार ताज्या मासळ्या निवडल्या. बाईंनी त्या आपल्या पिठात घोळवून तळल्या. अब्बांनी दोन खाल्ल्या.

त्यानंतर ते महिनाभर होते. दर शनिवारी मला म्हणायचे, हॉटेलापाशी सोड आणि दोन तासांनी घ्यायला ये. आम्हाला आत बोलवायचे नाहीत. काचेतून पाहिलं तर दोघं समोरासमोर बसलेले असायचे, अब्बा मराठीत आणि बाई इंग्रजीत, आणि दोघांचंही बोलणं एकाच वेळी चालू.