मास्टरांचा डावा पाय

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मास्टर आधी एक ठेंगणं स्टूल पुढे सरकवायचे. “वर चढा जी. समोर पहा. माझ्याकडे पाहून राहिले तर खांदा वाकडा येईन.”

नागपुरात गांधीबागेच्या मागच्या गल्लीतल्या त्या शिवणकामाच्या दुकानात ते कटिंग मास्टर होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पँटचं माप घ्यायला बाकीचे शिंपी खाली उकिडवे बसायचे. आमचे मास्टर गिऱ्हाइकालाच उंचावर चढवत. आम्हाला तो आपला मान वाटायचा. ते आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायला आले, तेव्हा मला खरं कारण कळलं. त्यांचा डावा गुडघा वाकला की पोटरीत कळ यायची.

तुम्हीही असा मास्टर पाहिला असेल. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, टेबलावर वाकलेली पाठ. टेबलाखालचे पाय मात्र कुणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. एका रविवारी ते अंगणात पायजमा वर करून बसले होते आणि मी अचानक समोर गेलो. डाव्या पोटरीवर करंगळीएवढ्या जाड, निळसर शिरा. गुडघ्याच्या आतल्या बाजूने निघून वळत वळत घोट्यापर्यंत आलेल्या. घोट्याच्या वरची कातडी काळपट, कोरडी, खाजवून खाजवून सोलवटलेली.

“हे केव्हापासून?”

“लय दिवसांचं आहे. उभ्याचं काम आहे नं बाबूजी. बसून कात्री चालत नाही.” त्यांनी पायजमा खाली ओढला. “दुकानात नका बोलू. शेठजीले वाटंन मास्टर लंगडा झाला.”

ही भीती पोकळ नव्हती. लगनसराई तोंडावर होती आणि गल्लीत कात्री चालवणारे आणखी चारजण कामाच्या शोधात फिरत होते. बायको वारलेली, मुलगी भिवापूरला दिलेली. मास्टरांजवळ त्या टेबलापुढची जागा तेवढी होती.

मी त्यांना दुकानासमोरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. ते म्हणाले, “पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं. ते परत घसरू नये म्हणून शिरेत झडपा असतात. तुमच्या झडपा सैल झाल्यात. रक्त खाली साचतं आणि शीर फुगते.” त्यांनी लवचीक पट्टी बांधायला सांगितली, पाय उंच ठेवून झोपायला सांगितलं, गरम पाण्याचा शेक बंद करायला सांगितलं. खरा इलाज ऑपरेशन, हेही सांगितलं.

ऑपरेशनचं नाव निघताच मास्टर उठले. “पट्टी मीच शिवतो,” म्हणाले.

आणि त्यांनी शिवली. जाड ड्रिलच्या कापडाचा मोजा, मागून हुकांची रांग, गुडघ्याखाली नाडी. इतकं सुबक काम मी पाहिलं नव्हतं. पण चार दिवसांत पाय दुप्पट सुजला. डॉक्टरांनी मोजा हातात घेऊन विचारलं, “माप केव्हा घेतलं?”

“रात्री. दुकान बंद करून आल्यावर.”

“म्हणजे सुजलेल्या पायाचं! सकाळी तो ढिला होतो आणि मग तुम्ही वरची नाडी आवळता. खाली घट्ट आणि वर सैल हवा, तुमचं बरोबर उलटं झालंय. माप अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी घ्यायचं असतं.”

“गिऱ्हाईक दुकान उघडल्यावर येते जी,” मास्टर म्हणाले. “अंथरुणात जाऊन कोणाचं माप घ्या?”

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी सकाळी आणि रात्री त्यांची पोटरी मोजून पाहिली. सकाळी सव्वाचौदा इंच, रात्री साडेपंधरा. सव्वा इंचाचा फरक. छातीत अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर शिलाई उसवणारा हा माणूस स्वतःच्या पायातला सव्वा इंच रोज उभ्याने सोसत होता.

मे महिन्यात नागपूरचं ऊन पत्र्यातून खाली उतरू लागलं आणि पाय आणखी बिघडला. संध्याकाळी मी दुकानात बसलो होतो. टेबलावर एका नवरदेवाच्या सुटाचं कापड पसरलेलं, खडूच्या रेघा मारून झालेल्या. मास्टरांच्या घोट्याला खाज सुटली असणार. त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी घेतली आणि तिच्या कडेने खसाखसा खाजवलं. क्षणभराने मशीनवरचा कारागीर ओरडला, “मास्टर, रक्त!”

पिचकारी उडावी तसं ते उडत होतं. पायजमा, चप्पल, फरशी भरली. कुणी त्यांना खुर्चीवर बसवलं, कुणी पायजम्याची नाडी घेऊन गुडघ्यावर करकचून बांधली, शेतात साप चावल्यावर बांधतात तशी. रक्त थांबेना. “और कसके!” शेठजी ओरडत होते. नाडी आणखी आवळली, रक्त आणखी वाढलं. मास्टरांचा चेहरा जुन्या अस्तरासारखा पांढरा पडत चालला.

समोरून डॉक्टर धावत आले. हाताला लागली त्या पहिल्या कात्रीने त्यांनी नाडी कापली.

“ते कापडाची कात्री आहे!” मास्टर क्षीण आवाजात म्हणाले.

“आडवं करा यांना. टेबलावर घ्या.”

“आधी कापड उचला गा कोणी. लोकाचं आहे.”

कापड उचललं, मास्टरांना टेबलावर निजवलं, टाच कापडाच्या तीन ताग्यांवर उंच ठेवली. डॉक्टरांनी घडी केलेला कपडा जखमेवर ठेवून अंगठ्याने दाबून धरला. दहाएक मिनिटांत रक्त थांबलं. मग ते आमच्याकडे वळले. “यांना साप नव्हता चावला. रक्त वर जायची वाट तुम्ही बंद केली, मग ते खालून बाहेर पडलं. पुन्हा फुटलं तर जिथे असतील तिथे निजवा, पाय वर करा, जखम दाबून धरा. बसवायचं नाही, वर बांधायचं नाही.” आणि थोडं थांबून म्हणाले, “हे एकटे असताना फुटलं तर कठीण आहे.”

त्या शेवटच्या वाक्याने माझी झोप नेली. मास्टर एकटेच राहत. त्यांची न्हाणी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती. पहाटेपासून माझा कान त्या भिंतीला. बादली सरकली की बरं वाटायचं, पाण्याचा आवाज थांबला की हातातलं काम तिथेच थांबायचं. मी त्यांना म्हटलं, “न्हाणीची कडी लावत जाऊ नका.”

“अन् वाड्यातल्या बाया काय म्हणतीन?”

माझ्या बायकोने तोड काढली. “मास्टर, गाणं म्हणत आंघोळ करा. आवाज येतोय तोवर आम्ही निश्चिंत.”

मास्टरांना एकही गाणं येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, “छाती अडतीस! कंबर चौतीस! बाही साडेतेवीस!” आमची मुलं पोट धरून हसली. पुढे रोज सकाळी गावातल्या कुणाकुणाची मापं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येऊ लागली. बायको भाकरी थापता थापता म्हणायची, “आज कुणीतरी जाडा माणूस आहे हो.”

एका सकाळी मी दाढी करत होतो. पलीकडे “छाती चाळीस, कंबर अडतीस” झालं आणि आवाज थांबला. पाण्याचाही नाही. मी हाक मारली. उत्तर नाही. तोंडाला साबण तसाच, मी अनवाणी धावलो आणि न्हाणीचं दार दोन्ही हातांनी बडवलं. कडी निघाली. मास्टर पंचा गुंडाळून उभे होते, पाय धड होता.

“काय झालं बाबूजी?”

“आवाज का थांबवलात?”

“कॉलर आठवून राहिलो होतो. साडेपंधरा की सोळा.”

मास्टरांनी माझे अनवाणी पाय पाहिले. साबण वाळून गेलेला माझा चेहराही पाहिला. संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. “डॉक्टरले विचारा, ऑपरेशनले किती दिवस पडून राहा लागते.”

सरकारी दवाखान्यात मी सोबत होतो. ऑपरेशनच्या आधी सर्जननी त्यांना उभं केलं आणि पायावरच्या प्रत्येक शिरेवर शाईने रेघ ओढली. निजल्यावर शिरा दिसत नाहीत, म्हणून उभं असतानाच खुणा कराव्या लागतात. भोवती शिकाऊ डॉक्टर, नर्स. इतकी वर्षं पायजम्यात झाकलेला पाय सगळ्यांसमोर उघडा. मास्टर खाली वाकून रेघा पाहत होते.

“डॉक्टरसाहेब, रेघीवरून कापता का रेघीच्या बाहेरून?”

“का हो?”

“नाही, मी बाहेरून कापतो. मागून चूक झाली तर थोडं कापड उरते.”

सर्जन हसले. मला हसू आलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. घोट्यावरची जखम महिन्याभरात भरत आली. पण दिवसभर एका जागी उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मास्टर दुकानात जाऊन आले. टेबलापुढे नवा पोरगेला कटर होता. शेठजींनी चहा पाजला, आपुलकीने चौकशी केली आणि कामाचा विषय काढला नाही. मास्टरांनीही काढला नाही. त्यांनी आपली कात्री तेवढी कापडात गुंडाळून परत आणली.

मुलगी न्यायला आली. मी त्यांना सोडायला एस.टी. स्टँडवर गेलो. भिवापूरची गाडी उशिरा येणार होती. मुलगी सामानाजवळ बसली. मास्टर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले. उभं राहायचं नाही, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. मीही बरोबरीने चालू लागलो. पट्टी रोज बांधा, खालून वर बांधा, सकाळी उठायच्या आधी बांधा, हे मी तीनदा सांगितलं. तिथे न्हाणी कुठे आहे, शेजारी कोण आहे, तेही विचारलं.

दोन फेऱ्या झाल्यावर मास्टर म्हणाले, “तुम्ही काहून चालून राहिले बाबूजी? तुमच्या पायाले काय झालं?”

“काही नाही.”

“मग थांबा नं.”

मी थांबलो. ते तसेच पुढे चालत गेले.